बयोच्या कानातली शिंपली

मी एक जुनी चांदीची शिंपली आहे. समुद्रातली नव्हे, कानात घालायची. मित्रांनो, माझी ओळख मी करून देणारच आहे. पण आधी मला सुजीतची तक्रार करू द्या, नाहीतर ती माझ्या पोटात घुमत राहील आणि दुसरं काही बाहेर पडणार नाही.

सुजीत म्हणजे माझ्या मालकिणीचा, शोभनाचा मुलगा. दुबईत अल मनखूलला राहतो, रोज सकाळी गाडी काढून शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या ऑफिसात जातो. शिकलेला आहे, कष्टाळू आहे, आईला फळं कापून देतो. पण ह्या शहाण्याने काय करावं? स्वतःच्या घरात मराठी बंद केली! त्याची मुलगी वैभवी चार वर्षांची झाली तरी नीट बोलेना. मोजके शब्द, तेही अर्धे. ऑफिसात डबे उघडल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं, "भाई, घरात मराठी, मेडशी हिंदी, नर्सरीत इंग्लिश, खाली ग्रोसरीत अरबी. बच्चा कन्फ्यूज होणारच. एकच लँग्वेज ठेव." झालं. घरी आला आणि बूट काढायच्या आधी हुकूम सोडला, "आई, आजपासून वैभवीशी ओन्ली इंग्लिश. प्लीज."

शोभना शाळेत गेली चौथीपर्यंत, तीही आंबे-काजूचे दिवस सोडून. सुजीतने तिला शब्द शिकवले: कम, ईट, नो, गुड.

"कम, ईट, नो, गुड," शोभनाने म्हणून पाहिलं. "अरे, नात सांभाळायचीय की कुत्रं?"

"आई, तिच्या भल्यासाठी सांगतोय."

"तिचं भलं मला मराठीत कळतं."

पण घर मुलाचं. ती गप्प बसली. शोभना आणि गप्प! तिला मी ती दुपट्यात होती तेव्हापासून ओळखते. माझ्यापुढे ती कालची पोर. असं कधी घडलं नव्हतं. आणि सुजीत मात्र उठता-बसता त्या लेकरावर ओरडायचा, "वैभवी, लिसन! लिसन टू पप्पा!" ती ठोकळ्यांतून मान वर करायची नाही. मग तो म्हणायचा, "हट्टी आहे." हट्टी! ते ऐकून माझी चांदी काळी पडायची.

ही माझी तक्रार. आता मी कोण ते ऐका, म्हणजे मला तक्रारीचा हक्क काय, ते कळेल.

कोकणात, वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या एका गावात बयो नावाची सुईण होती. शोभनाची ही आजी. पंचक्रोशीतली मुलं तिच्या हातांवर जन्मायची. बाळ बाहेर आलं की सगळे श्वास रोखून त्याच्या पहिल्या रडण्याची वाट बघत, आणि बयो तर सगळ्यांत जास्त. पुढे वयाबरोबर तिचा कान मंद झाला. एका घरी बाळ जन्मलं, बारीक कण्हलं, आणि बयोला ते ऐकूच आलं नाही. गेलं असं समजून ती त्याला फडक्यात गुंडाळायला लागली. तेवढ्यात बाळाची आत्या ओरडली, "अगो बयो, जीव आसा!" बाळ वाचलं. पण बयोने घरी येऊन आपली सुईणपणाची पिशवी खुंटीला टांगली ती टांगलीच. कुणी बोलवायला आलं की दार लावून घ्यायची.

गावात भिवा नावाचा सोनार होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले, आणि तिने धरला हट्ट: बयो नसेल तर मी बाळंत होणार नाही! आता बाळंत न होणं काय कुणाच्या हातात असतं? पण घाबरलेल्या बाईला हे कोण सांगणार? भिवाने मात्र पूर्वी एकदा वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेल्या एका मडमेच्या कानांत, ऐकू यावं म्हणून घातलेली, चांदीची दोन बारकी शिंगं पाहिली होती. हात लावायला काही मिळालं नव्हतं. नुसतं डोळ्यांनी जेवढं उचलता आलं तेवढं त्याने उचललं होतं. त्या आठवणीवर त्याने भट्टी पेटवली. चांदी कुठून आणायची, असा प्रश्न पडला तेव्हा त्याच्या बायकोने पायातल्या तोरड्या काढून पुढे ठेवल्या. म्हणाली, "पायात वाजण्यापरास बयोच्या कानात वाजांदेत."

पहिली जोडी सरळ नळीची झाली. बयो वाकली की गळून पडायची. दुसरी वाऱ्यात शीळ घालायची. बयो म्हणाली, "भिवा, ह्या कानातला आसा की तुझो भातो?" तिसऱ्यांदा भिवाने माझा गळा आतून वळवला, माणसाच्या कानासारखाच, आणि कानामागे अडकायला बारीक आकडा जोडला. अशा आम्ही दोघी बहिणी जन्मलो. एक उजव्या कानाची, एक डाव्या. मी उजवी.

माझ्यात यंत्र नाही, तार नाही, बॅटरी नाही. बाहेर तोंड रुंद, आत गळा अरुंद. पसरलेला आवाज मी गोळा करते आणि एका धारेने आत सोडते, नरसाळ्याने बाटलीत तेल ओतावं तसं. एवढीच माझी विद्या. फार काही उचलून देत नाही मी. एक पायरी देते. पण ती पायरी नसली की माणूस उंबऱ्याबाहेरच उभा राहतो.

आणि मित्रांनो, माझ्या पोटातून गेलेला पहिला मोठा आवाज कोणता, सांगू? भिवाच्या लेकीचं रडणं. आधी नुसती ओली कुरकुर, मग एक उचकी, मग अख्ख्या घराचं छप्पर उचलील असा टाहो! मी नवी होते, मला जग ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आवाज म्हणजे हेच असणार: कुणीतरी नव्याने आलंय आणि सांगतंय की मी आले. बयो रडत होती, हसत होती, नाळ कापायची विसरली होती. "भिवा, चेडू रडता रे! माका आयकाक येता!" ती ओरडली. इतक्या वर्षांनंतरही ते आठवलं की माझ्या गळ्यात गारवा उतरतो. कुठे तोरड्यांची मोडलेली चांदी, आणि कुठे हे! कुणी घडवलं असेल आवाजाला, की त्याने एवढ्याशा वळणातून जावं आणि माणसाच्या आत दिवा लावावा?

पुढे आमचे चांगले दिवस आले. बयोची पिशवी खुंटीवरून उतरली. लांबलांबून बायका मला बघायला यायच्या, बोट लावायच्या, आपल्या कानाला लावून दचकायच्या. एकदा बाळंतपणाला जाताना होडी हेलकावली आणि माझी डावी बहीण खाडीत पडली. बयो त्या पाण्याकडे बघत म्हणाली, "आता माशांचा आयकत रवात." त्या दिवसापासून मी एकटी. पण एकटीने काम सोडलं नाही. बयोची जीभ फार तिखट होती; तिच्या कानात इतकी वर्षं राहिल्यावर ती थोडी मलाही लागली. मला अक्षर ओळखता येत नाही, पण माणूस मी आवाजावरून ओळखते.

बयो गेली. जाण्याआधी मला लहानग्या शोभनाच्या ओंजळीत ठेवून गेली. मग बॅटरीची यंत्रं आली आणि मी बटणांच्या डब्यात गेले. शोभनाचं लग्न सूर्यकांतशी झालं. तो इकडे अबूधाबीला, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये लोखंड घासायच्या कामाला होता. कंपनीच्या कॅम्पात राहायचा आणि रजेवर गावी यायचा. ग्राइंडरच्या आवाजाने त्याचे कान हळूहळू गेले. रजेत तो डब्यातून मला काढायचा, कानात अडकवायचा आणि ओटीवर मांडी घालून बसायचा. "बोल आता. वर्षभराचं काय ते एकदम बोल. मशीनने सगळं नेलं, तुझा आवाज तेवढा राहिलाय."

"माझा आवाज नेणारं मशीन अजून जन्माला यायचंय," शोभना म्हणायची, आणि मग गावातली झाडून सगळी भांडणं सांगायची. त्याचं हसणं मला आतून ऐकू यायचं. बाहेरून ऐकलेल्या हसण्यापेक्षा ते वेगळं असतं, मित्रांनो. खोल असतं.

सूर्यकांत गेल्यावर सुजीत आईला दुबईला घेऊन आला. तिने पर्समध्ये मला आणलं. इथे तिचाही कान उतरायला लागला तशी ती मला घालू लागली. लिफ्टमध्ये लोक बघायचे आणि सुजीतचा चेहरा पडायचा. "आई, हे नळकांडं काढ ना. मी तुला चांगलं मशीन आणलंय." ते मशीन शोभनाने कपाटाच्या खणात टाकून दिलं. म्हणाली, "माझी शिंपली चार्जिंग मागत नाही."

आता मूळ गोष्टीकडे येते.

नर्सरीच्या मॅडमनी वैभवीच्या आईला, संपदाला, सांगितलं होतं की एकदा कान तपासून घ्या. संपदाने घरी सांगितलं, तर सुजीत एवढा लाल! "जन्मल्यावर हॉस्पिटलमध्ये टेस्ट झालीय. पास झालीय ती! माझी मुलगी नॉर्मल आहे." मोठ्या शाळेतली मुलाखत तोंडावर आलेली. तिथे नाव विचारतील, रंग विचारतील, आणि ही भिंतीकडे बघत बसली तर? त्या भीतीने त्याने इंग्लिश आणखी जोरात चालवलं. भ्यायलेला माणूस असाच असतो. जे करतोय ते चुकतंय का हे बघायचं सोडून तेच दुप्पट करतो.

एका दुपारी सुजीत हमरियाला, संपदा कामावर. शोभना फरशीवर पाय पसरून टूथपेस्ट लावून मला घासत होती. वैभवी आली, शेजारी बसली आणि तिने मला उचललं. आजीला बघून बघून तिला सगळं माहीत होतं. तिने मला तिच्या इवल्याशा कानाशी धरलं. मोठी होते मी त्या कानाला, तरी धरलं.

आता इथे एक सांगायला हवं. आपल्यात बारशाला बाळाच्या कानात नाव सांगतात ते आत्याने. कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र करायचं, मग नाव, आणि मग बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. वैभवीची आत्या स्वप्नाली चिपळूणला. तिला यायला जमलं नाही. तिने ते कुर्रर्र केलं मोबाइलवरून! सुजीतने फोन पाळण्यात धरला, आत्या पडद्यावर "कुर्र..." म्हणाली आणि नेटवर्क गेलं. पाहुणे हसले, पेढे वाटले, झालं बारसं. शोभनाच्या मनात मात्र ते कायम सलत राहिलं: पोरीच्या कानात तिचं नाव पडलंच नाही.

तिने दाराकडे पाहिलं. घरात कुणी नव्हतं. मग ती वाकली, माझ्या तोंडाशी तोंड आणलं आणि सुजीतचा हुकूम मोडला.

"कुर्रर्र... वैभवी! वैभवी म्हणतात गो तुला!"

मित्रांनो, मी शंभरीच्या आसपासची आहे. माझ्यातून किती आवाज गेले, त्याचा मी हिशेब ठेवला नाही. पण त्या दुपारी काय झालं ते सांगताना आजही माझा आकडा थरथरतो. डोळे मोठे झाले. समोर काही दिसत नसताना कुणी दार उघडावं आणि पलीकडे अख्खा समुद्र असावा, तसा तिचा चेहरा. मी हे तोंड पूर्वी पाहिलं होतं. भिवाच्या घरात, बयोचं.

वैभवीने आजीची हनुवटी धरली आणि पुन्हा माझ्याकडे ओढली. शोभना परत बोलली. परत ओढली. शोभनाने पोहे, मांजर, काळी चप्पल, जे सुचेल ते सांगितलं. तिसऱ्या-चौथ्यांदा शोभनाने पोरीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिला कळलं होतं. तिने हळूच मला बाजूला घेतलं, पोरीच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात हाक मारली. वैभवीने मान वळवली नाही.

"अगं बाई माझे," शोभना म्हणाली. "तुला ऐकूच येत नाहीये गं. आणि आम्ही तुझ्यावर भाषा लादत बसलोय."

संध्याकाळी सुजीत शारजाचा ट्रॅफिक डोक्यात घेऊन घरात शिरला. शोभना दारातच उभी होती.

"बस. पोरीला मागून हाक मार."

"आई, मी दमलोय."

"हाक मार म्हणते ना!"

त्याने मारली. वैभवी ठोकळे रचत राहिली. "बघितलंस? इग्नोर करते," तो म्हणाला. "हट्टी आहे, तुझ्यावर गेलीय."

"माझ्यावर गेली असती तर तुला आतापर्यंत सरळ केलं असतं तिने. संपदा, इकडे ये. ही धर तिच्या कानाला आणि बोल."

संपदाने मला घेतलं. ती माझ्यात अगदी हळू म्हणाली, "वैभवी... आई बोलतेय." वैभवी गर्रकन वळली, आईच्या ओठांवर हात ठेवला आणि खुदकन हसली. सुजीत म्हणाला, "अगं, पण टेस्ट पास..."

"उद्या मी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेतेय," संपदा म्हणाली. "तू आलास तर बरं. नाही आलास तरी नेतेय."

आला तो. मीही गेले, शोभनाच्या कानात बसून. तपासणीच्या बाई केरळच्या होत्या. त्यांनी वैभवीला काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की डब्यात मणी टाकायचा असा खेळ लावला. बराच वेळ मणी पडतच नव्हते. सुजीत काचेबाहेर उभा होता आणि प्रत्येक न पडलेल्या मण्याबरोबर थोडाथोडा खाली येत होता. बाई म्हणाल्या, जन्मली तेव्हा ठीक असेल, पुढे हळूहळू कमी होत गेलं. असं होतं. मशीन लावू, बोलायला शिकवू, वेळ गेलेली नाही. सुजीतने चाचरत विचारलं, घरात कोणती भाषा बोलायची? बाई म्हणाल्या, "जो घर की है, वही. जी भर के बोलिए." शोभनाने मुलाकडे असं पाहिलं की मी चांदीची नसते तर वितळले असते.

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "अम्मा, ये क्या है?" त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं, उजेडात फिरवलं. "फोटो देखा था किताब में. हाथ में पहली बार आया." मला फार वर्षांनी कुणी असं धरलं होतं.

काही दिवसांनी वैभवीची मशीनं आली. राजम्याच्या दाण्याएवढी, जांभळी. मी म्हटलं, ह्या माझ्या नाती-पणत्या. बघावं काय करतात. बाईंनी ती कानामागे बसवून चालू केली, आणि वैभवीने काय केलं असेल? मान वर करून छताकडे पाहिलं. एसीकडे. एसीला आवाज असतो, हे त्या खोलीतले सगळे विसरून गेले होते. ती बोट दाखवून बघतच राहिली. मग तिने स्वतःची चप्पल घासली आणि दचकली. कागद चुरगळला. पुन्हा चुरगळला. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मशिदीतून अजान आली तेव्हा ती खिडकीला नाक लावून उभी राहिली आणि आकाशात शोधू लागली, हे इतकं मोठं गाणारं कोण आहे? तेव्हा मला कळलं, मित्रांनो. जिथे मी एक पायरी द्यायचे, तिथे ह्या दाण्यांनी अख्खा जिना बांधला होता. हेवा वाटला नाही. खोटं कशाला सांगू, थोडा वाटला. पण आश्चर्य त्याहून मोठं होतं.

पहिले दिवस वैभवी मशीनं ओढून काढायची. तेव्हा शोभनाने कपाटाचा खण उघडला, सुजीतने आणलेलं आपलं मशीन बाहेर काढलं आणि तिच्यासमोर बसून कानाला लावलं. "बघ. आजीला पण. यल्ला, चल, आता तू." वैभवीने लावलं.

आणि माझं काम संपलं.

आता मी दारापाशी किल्ल्यांच्या वाडग्यात असते. वैभवी कधीकधी मला बाहुलीच्या कानाला लावते आणि बाहुलीचं बारसं करते. तेवढी नोकरी मला पुरते. तुम्हाला एवढंच सांगते, मुलांनो: कानात काड्या-पिना घालू नका. कुणी हाकेला ओ देत नसेल तर त्याला हट्टी म्हणायच्या आधी जवळ जा, समोर जा, नीट बघा. कुणाच्या कानात मशीन दिसलं तर हसू नका. चष्म्याला हसता का? आणि घरातली जुनी वस्तू टाकायची झालीच, तर आधी तिने कुणासाठी काय केलं ते मोठ्यांना विचारा.

एक राहिलं. कालच संध्याकाळी सुजीत सोफ्यावर फोनवर बोलत होता, ऑफिसचं काहीतरी. वैभवी त्याच्या गुडघ्याला लटकली होती. आता तिची बडबड थांबत नाही. अर्धी मराठी, अर्धी इंग्लिश, मध्येच स्वतःची. "पप्पा, एसी झोपला! पप्पा, आय हर्ड! झोपला!"

"वैभवी, क्वाएट! पप्पा कॉलवर आहे."

स्वयंपाकघरातून शोभना आली. हाताला पीठ. वाडग्यात मी कान टवकारले, कारण माझ्या मनातलं आता तिच्या तोंडून निघणार हे मला कळलं.

"खलास! ठेव तो फोन," ती म्हणाली. "इतके दिवस लेकरावर ओरडत होतास, लिसन, लिसन. बिचारीला ऐकूच येत नव्हतं, आणि तू तिला हट्टी म्हणालास. आता तिला बोलायचंय. तुझे कान तर शाबूत आहेत ना? मग सुजीत, लिसन!"